पृथ्वीच्या पोटातले 'तीन महासागर' आणि नोहाचा जलप्रलय: हिशेब मांडून पाहू

एकाच व्हिडिओबद्दल दोन प्रश्न आले आहेत. ठाण्यात चर्चच्या रविवारच्या वर्गात मुलांना बायबल शिकवणाऱ्या एका बाई विचारतात, "जमिनीखाली ७०० किलोमीटरवर महासागराच्या तिप्पट पाणी सापडलं म्हणतात. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या वेळी खोल जलाशयाचे झरे फुटले असं लिहिलंय, ते हेच पाणी का? मुलांना तसं सांगू का?" ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या सचिवांना तोच व्हिडिओ बोअर मारणाऱ्या ठेकेदाराने दाखवला. त्याचे म्हणणे असे, की ३०० फुटांवर पाणी लागले नाही तर १,००० फूट जाऊ, खाली पाणीच पाणी आहे.

दोघांनाही उत्तर 'नाही' असेच आहे. पण नुसते 'नाही' सांगून वर्गातली मुले गप्प बसणार नाहीत आणि सोसायटीची सर्वसाधारण सभाही बसणार नाही. म्हणून आकडे मांडतो.

आधी सापडले काय ते पाहू. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात जुइना नावाचा भाग आहे. तिथल्या नदीच्या गाळातून मिळालेल्या सुमारे ३ मिलिमीटरच्या, दागिन्यात बसवायला निरुपयोगी अशा एका मळकट हिऱ्यात ०.०४ मिलिमीटरचा एक कण अडकलेला होता. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले ग्रॅहम पिअरसन आणि सहकाऱ्यांनी तो कण रिंगवुडाइट असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. हे खनिज भूकवचात टिकत नाही. त्याला सुमारे ५२० ते ६६० किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो. त्याआधी ते उल्कापाषाणांत आणि प्रयोगशाळेत पाहायला मिळाले होते, पण पृथ्वीच्या पोटातून वर आलेला नमुना हा पहिलाच. त्या कणात वजनाने साधारण १.४ ते १.५ टक्के 'पाणी' मोजले गेले. त्याच वर्षी अमेरिकेतले संशोधक श्मांट आणि जेकबसन यांच्या गटाने उत्तर अमेरिकेखालच्या भूकंपलहरी तपासल्या. ६६० किलोमीटरच्या सीमेखाली जिथे खडक खाली सरकतो, तिथे थोडा वितळल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. वरचा ओलसर खडक खाली ढकलला गेला की त्यातले पाणी बाहेर पडते आणि खडक अंशतः वितळतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढे २०२२ मध्ये बोत्स्वानातल्या कारोवे खाणीतल्या एका हिऱ्यातही ६६० किलोमीटरच्या सीमेवरची खनिजे, रिंगवुडाइटसह, मिळाली.

व्हिडिओतले 'तीन महासागर' कुठून आले, ते कागदावर पाच ओळींत काढता येते. मुलांकडून करून घ्यायला हा हिशेब चांगला आहे. ४१० ते ६६० किलोमीटर या पट्ट्याला संक्रमण क्षेत्र म्हणतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे या पट्ट्याची बाहेरची त्रिज्या ५,९६१ आणि आतली ५,७११. दोन गोलांच्या घनफळातला फरक येतो सुमारे १०,७०० कोटी घन किलोमीटर. घनता पाण्याच्या ३.८ पट धरली तर वस्तुमान साधारण ४ वर २३ शून्ये इतके किलो. त्याचा एक टक्का म्हणजे ४ वर २१ शून्ये. सगळ्या महासागरांचे वस्तुमान १४ वर २० शून्ये आहे. भागाकार येतो २.९. हेच ते 'तीन महासागर'.

यातला 'एक टक्का' मात्र मोजलेला नाही, धरलेला आहे. रिंगवुडाइटमध्ये अडीच टक्क्यांहून जास्त पाणी मावू शकते हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. जुइनाच्या कणात दीड टक्क्याच्या आसपास मिळाले. पण एका कणावरून सगळा पट्टा तितकाच ओला ठरत नाही. संक्रमण क्षेत्राच्या विद्युतवाहकतेवरून काढलेले काही अंदाज टक्क्याच्या दहाव्या भागाजवळ येतात. ०.१ टक्का धरला तर तोच भागाकार ०.२९ येतो, म्हणजे एक महासागरही पुरा नाही. व्हिडिओत आकडा ठामपणे सांगितला जातो, तो का एक टक्काच धरला हे सांगितले जात नाही.

तरी समजा, तीन महासागर खरेच आहेत. आता प्रलयाला किती पाणी लागते ते बघा. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. गुणाकार ४५१ कोटी घन किलोमीटर. त्यातून समुद्रसपाटीच्या वर असलेल्या जमिनीचे घनफळ, साधारण १२ कोटी, वजा करा. उरले सुमारे ४४० कोटी. पाणी डोंगरांच्या वर पंधरा हात चढले असे उत्पत्ती ७:२० मध्ये आहे. ते सात मीटरही होत नाहीत, त्यामुळे हिशेबात धरण्यासारखे नाहीत. आजच्या महासागरांत १३३.५ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. म्हणजे वरून आणखी ३.३ महासागर हवेत. गरज ३.३ आणि गोदामात ३, आकडे इतके जवळ आले की व्हिडिओ करणाऱ्याला मोह आवरत नाही, हे समजण्यासारखे आहे.

एरवी हाताशी असलेले पाणी फारच तोकडे पडते. हवेतली सगळी वाफ एकदम पडली तर पृथ्वीभर २५ मिलिमीटरचा थर होईल. एवढा पाऊस ठाण्यात जुलैत चहा होईपर्यंत पडतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका वितळले तर समुद्र ६५ मीटरच्या आसपास चढेल. कवचातले सगळे भूजल उपसून पृथ्वीवर सारखे पसरले तर आणखी ४५ मीटर. एवढ्यात ८०० मीटरवरच्या माथेरानचा पायथाच बुडतो. म्हणूनच जलप्रलयाला भौतिक आधार शोधणाऱ्यांची नजर कायम खाली, पृथ्वीच्या पोटाकडे गेली आहे.

आता मुद्द्याचे. ते पाणी कोणत्या रूपात आहे?

तिथे तळे नाही, भुयार नाही, खडकाच्या फटीत साठलेला ओलावाही नाही. बातम्यांत 'स्पंज' म्हणतात, त्यामुळे गैरसमज वाढतो, कारण स्पंज पिळता येतो. रिंगवुडाइट हा मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक आहे. त्यात कुठे मॅग्नेशियमच्या एका अणूची जागा रिकामी राहिली तर तिथे हायड्रोजनचे दोन अणू शिरतात आणि शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतात. झाले तुमचे 'पाणी'. पाण्याचा एकही सुटा रेणू तिथे नाही. प्रयोगशाळेत या हायड्रोजन-ऑक्सिजन बंधाने शोषलेला अवरक्त प्रकाश मोजतात. एवढ्या हायड्रोजनपासून पाणी केले असते तर ते वजनाने किती झाले असते, तो आकडा टक्क्यांत लिहितात. खनिजशास्त्रातली ही हिशेबाची जुनी पद्धत आहे. ती माहीत नसलेल्याने अहवाल वाचला की डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो.

आपल्याकडच्या दगडात याचा सौम्य नमुना हातात धरता येतो. पारसिकच्या डोंगररांगेत किंवा सह्याद्रीत कुठेही काळा कातळ फोडला, की पोकळ्यांत पांढरे-गुलाबी स्फटिक दिसतात. ती झिओलाइट कुळातली खनिजे. त्यातल्या स्टिल्बाइटमध्ये वजनाने सुमारे १७-१८ टक्के पाणी असते, म्हणजे रिंगवुडाइटच्या दहापट. हातात मात्र तो ठणठणीत कोरडा दगड लागतो. झिओलाइटमधले पाणी निदान रेणूंच्या रूपात असते आणि तापवल्यावर निघून जाते. वर्गात दाखवायचे असेल तर जाड काचेच्या परीक्षानळीत स्टिल्बाइटचा वाटाण्याएवढा तुकडा घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर आडवा धरावा. नळीच्या थंड तोंडाशी थेंब जमतात. नळीचे तोंड मुलांकडे करू नये, आणि तुकडा आधी चिमट्याने थोडा ठेचून घ्यावा, नाहीतर आतली वाफ एकदम फुटून कण उडतात. रिंगवुडाइटवर हा प्रयोग करायचा तर आधी ते ५०० किलोमीटर वर आणावे लागेल, आणि इतके वर येताना ते रिंगवुडाइट राहतच नाही. जुइनाचा कण टिकला तो हिऱ्याने त्याच्यावरचा दाब धरून ठेवला म्हणून.

खोलवर खरे, मोकळे पाणी कधीच सापडले नाही का? सापडले आहे. २०१८ मध्ये काही हिऱ्यांत बर्फ-सात नावाचा, अतिदाबाखालचा बर्फ सापडला. म्हणजे तो हिरा घडताना तिथे पाणीयुक्त द्रव होता. समोरच्याने हा मुद्दा काढला तर नाकारू नका, तो खरा आहे. पण सापडलेले कण सूक्ष्मदर्शकाखालचे आहेत. मोकळे पाणी घनमीटरला ३,००० किलोपेक्षा जास्त घनतेच्या तापलेल्या खडकात समुद्राएवढ्या थरात टिकू शकत नाही. ते हलके असल्याने वर सरकते, वाटेतल्या खनिजांत मुरते किंवा खडक वितळवते.

यापुढची अडचण ते पाणी वर कसे येणार ही. संक्रमण क्षेत्राच्या तळाशी दाब वातावरणाच्या सव्वादोन लाख पटीहून अधिक आणि तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे. खडक घन असूनही वाहतो, पण वर्षाला काही सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर धरले तर ४१० किलोमीटर वर यायला ८२ लाख वर्षे लागतात. वर येताना ४१० किलोमीटरची सीमा ओलांडली की खनिज बदलून ऑलिव्हिन होते. त्यात इतके पाणी मावत नाही, म्हणून जास्तीचे पाणी खडक थोडा वितळवून त्या रसात जाते. पुढे ते पृष्ठभागावर येते ते शिलारसात विरघळूनच. खोलातल्या पाण्याचा 'झरा' निसर्गात असा असतो, ज्वालामुखीच्या रूपात.

म्हणून प्रलयाचे पाणी खालून आणायचे तर त्याच्याबरोबर लाव्हा किती येईल, हा प्रश्न विचारावा. व्हिडिओवाले तो कधी विचारत नाहीत. पाणीदार शिलारसातसुद्धा, म्हणजे जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथल्या ज्वालामुखींच्या रसात, पाणी सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास असते. ४४० कोटी घन किलोमीटर पाण्यासाठी ४,००० कोटी घन किलोमीटरहून जास्त लाव्हा लागेल. तो पृथ्वीभर सारखा पसरला तर थर होतो ८० किलोमीटर जाडीचा. आपले दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याने बनले त्याचे मूळ आकारमान दहा लाख घन किलोमीटरच्या पलीकडे धरले जाते. म्हणजे तीस ते चाळीस हजार दख्खन, तेही बायबलमधल्या पावसाच्या चाळीस दिवसांत. खऱ्या दख्खनच्या उद्रेकाचा मुख्य टप्पाच लाखो वर्षे चालला होता. पाणी ४ ऐवजी १० टक्के धरा, थर ३२ किलोमीटरचा होईल. नोहाचे तारू, म्हणजे त्याचे जहाज, त्याच्यावर तरंगणार नाही.

उष्णतेचा हिशेब याहून निर्दय आहे. पाणी वाफ होऊन उसळले आणि पाऊस होऊन पडले असे मानले, तर ८,८४९ मीटर पाऊस भागिले ४० दिवस म्हणजे रोज २२१ मीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, त्याच्या २३० पटीहून जास्त, रोज, सगळ्या पृथ्वीवर. वाफेचे पाणी होताना दर किलोला सुमारे २४.५ लाख जूल उष्णता सुटते. या दराने प्रत्येक चौरस मीटरवर ६३ लाख वॅट सतत सुटत राहतील. सूर्याकडून पृथ्वीला सरासरी ३४० वॅट मिळतात. ६३ लाख म्हणजे खुद्द सूर्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून निघणाऱ्या ऊर्जेचा दहावा हिस्सा. निम्मे पाणी पावसाने आले आणि निम्मे जमिनीतून, असे म्हटले तरी निकाल बदलत नाही. शिवाय १,५०० अंशांच्या खडकातून आलेल्या पाण्याची स्वतःची उष्णता यात धरलेलीच नाही.

आणि मग ते गेले कुठे? वृत्तांतात पाणी १५० दिवस चढते राहते, आणि साधारण एका वर्षाने जमीन सुकते. पाणी पुन्हा खनिजात शिरायला समुद्रतळाचा खडक आधी पाण्याशी रासायनिक क्रिया करून सर्पेंटाइनसारखी खनिजे बनवतो. मग तो तळ वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो. पाणी खाली जाण्याचा दुसरा मोठा रस्ता नाही.

इथे एक पळवाट सांगितली जाते, की तेव्हा डोंगर ठेंगणे होते आणि समुद्र उथळ. खरे आहे की पृथ्वी अगदी गुळगुळीत असती तर आजच्याच समुद्राने ती २,६०० मीटर खोल झाकली असती. पण मग खोलातल्या पाण्याची गरजच संपली, आणि रिंगवुडाइटचा व्हिडिओ दाखवायचे कारणही. वर हिमालय उचलायचे आणि महासागर खोल करायचे काम काही महिन्यांत उरकावे लागते, त्याची उष्णता वेगळीच.

पुरावा बघायला ब्राझीलला जायची गरज नाही. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांच्या कापात लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात आणि दोन थरांच्या मध्ये कितीतरी ठिकाणी गेरूचा तांबडा पट्टा असतो. वरच्या लाव्ह्याने झाकण्यापूर्वी खालचा खडक हवेत, पावसात कुजून माती झाला होता, त्या मातीचा हा पट्टा आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीवर दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. त्यांचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच झाले आहे. एका उद्रेकानंतर डबकी साचली, त्यात बेडूक पिढ्यान्पिढ्या राहिले, मग पुढचा लाव्हा आला. गोड्या पाण्यातला बेडूक आणि सावकाश कुजलेली माती यांना एका वर्षाच्या जगबुडीत बसवता येत नाही. हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.

खोल पाण्याची ही कल्पना नवी नाही, हेही बाईंनी वर्गात जरूर सांगावे. १६८१ मध्ये थॉमस बर्नेट या इंग्लिश धर्मोपदेशकाने हाच हिशेब केला होता. त्याच्या अंदाजाने आठ महासागर लागत होते. ते आणायचे कुठून, तर पृथ्वीचे कवच तडकले आणि खालचे पाणी उसळले, अशी त्याची मांडणी. आजचा व्हिडिओ त्याच मांडणीला नवा हिरा चिकटवतो. गाळाच्या थरांत प्रलय शोधणारे भूवैज्ञानिक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ होते, आणि त्यांतले काही पाद्रीच होते. केंब्रिजचे ॲडम सेजविक स्वतः दीक्षित धर्मगुरू. १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपले प्रलयाबद्दलचे आधीचे मत जाहीरपणे मागे घेतले. वेगवेगळ्या ठिकाणचे गाळ एकाच वेळचे नाहीत, हे प्रत्यक्ष फिरून दिसले होते. ज्यांना बायबलबद्दल आस्था होती त्यांनीच जमिनीवर जाऊन ही कल्पना सोडली, ही गोष्ट मला हिऱ्याच्या बातमीपेक्षा जास्त शिकवण्याजोगी वाटते.

मग त्या झऱ्यांचे काय? उत्तर त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. उत्पत्ती १:६-७ मध्ये देव अंतराळ निर्माण करून वरचे पाणी आणि खालचे पाणी वेगळे करतो. ७:११ मध्ये खालचे झरे फुटतात आणि वरची दारे उघडतात, म्हणजे निर्मितीच्या वेळी घातलेली ती वेगळीक मोडते. ८:२ मध्ये दोन्ही पुन्हा बंद होतात. लेखकासमोर जगाचे जे चित्र होते त्यात हे वाक्य चपखल बसते. ६६० किलोमीटरवरच्या स्फटिकांवर बोलायचे त्याला कारण नव्हते. मुलांनी ही तीन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचली तर व्हिडिओपेक्षा जास्त हाती लागेल. थोडे मोठे विद्यार्थी असतील तर हेही सांगा, की जॉर्ज स्मिथ या इंग्लिश अभ्यासकाने १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या, निनवेहून आणलेल्या मातीच्या फळीवर अशीच कथा वाचली: देवाचा इशारा, नाव, डोंगरावर टेकणे, पक्षी सोडणे. तिग्रिस-युफ्रेटिसचे खोरे इतके सपाट आहे की तिथल्या मोठ्या पुरात क्षितिजापर्यंत पाणीच दिसत असणार. उर, शुरुप्पक अशा जुन्या नगरांच्या उत्खननात पुराच्या गाळाचे थर मिळाले आहेत, मात्र ते सगळे एकाच पुराचे नाहीत. आणि आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनूची नाव मासा उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो, ती कथा वर्गातल्या मुलांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असतेच. तिला रिंगवुडाइटचा आधार लावणारे व्हिडिओही निघाले तर नवल नाही. हिशेब तोच लागू.

आता ऐरोलीचा बोअर.

४१० किलोमीटर म्हणजे सुमारे साडेतेरा लाख फूट. माणसाने पाडलेले सर्वांत खोल विवर रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे, १२,२६२ मीटर. तिथे तापमान १८० अंशांवर गेले आणि काम थांबले. महाराष्ट्रात कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विवर झाले आहे. ठेकेदाराचे १,००० फूट म्हणजे ३०० मीटर. तेव्हा 'पाताळातले पाणी' हा विषय इथेच मिटवा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांचा दाखला कोणी दिला तर ते पाणीही पावसाचेच. भेगांतून खोल जाऊन तापते आणि वर येते.

बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, पाणी असते ते वरच्या मुरमात, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांत. खोल जावे तसा वरच्या वजनाने भेगांचा जबडा मिटतो, पोकळ्या झिओलाइटने भरलेल्या असतात. ६० ते १०० मीटरच्या खाली नवा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, लागण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, खर्च मात्र फुटागणिक वाढतो. ठाणे-पनवेल पट्ट्यात आणखी दोन गोष्टी आहेत. इथले थर पश्चिमेकडे कललेले आहेत, त्यामुळे शेजारच्या इमारतीला ज्या खोलीवर पाणी लागले त्याच खोलीवर तुम्हाला लागेलच असे नाही. दुसरे, दक्षिणोत्तर जाणाऱ्या उभ्या भित्ती-खडकांची, म्हणजे भेगांत शिलारस गोठून झालेल्या भिंतींची, इथे गर्दी आहे. भित्तीच्या चढाकडच्या बाजूला पाणी अडते, दुसऱ्या बाजूला बोअर कोरडा जातो. त्यामुळे जागा ठरवण्यासाठी पाणाड्याच्या नारळापेक्षा विद्युत-रोध सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखण्याची तपासणी) करून घ्या. त्यावर केलेला खर्च एका फसलेल्या बोअरच्या तुलनेत किरकोळ असतो.

ऐरोली, वाशी, कोपरखैरणे या खाडीकाठच्या भागांत अडचण खारटपणाची आहे. भरावाच्या जमिनीखाली खाडीची चिखलमाती, तिच्यात खारे पाणी. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेली नळी, मुरमात अर्धवट सोडली तर ते बाजूने बोअरमध्ये उतरते. केसिंग घट्ट कातळात निदान दीड-दोन मीटर रुतवून बाहेरची फट सिमेंटच्या पातळ लगद्याने बंद करायला सांगा, आणि ते करारात लिहून घ्या. खोदताना दर १० फुटांचा चुरा वेगळ्या पिशवीत, खोली लिहून ठेवायचा. चुऱ्याचा रंग काळ्यावरून तांबडा झाला तर थर बदलला. पाणी लागले की ठेकेदार 'दोन इंच पाणी' म्हणतो, त्याने समाधान मानू नका. पत्र्यात कापलेल्या, इंग्रजी व्हीच्या आकाराच्या ९० अंशांच्या खाचेवरून वाहणारे पाणी मोजा: खाचेच्या तळापासून पाण्याची उंची अडीच सेंटिमीटर असेल तर ताशी सुमारे ५०० लिटर, पाच सेंटिमीटर असेल तर ताशी २,८०० लिटरच्या आसपास. उंची खाचेपासून थोडी मागे, शांत पाण्यात मोजायची. तोंडाशी मोजली तर कमी भरते.

हा आकडाही खोदतानाचा आहे, भेगेत साठलेले पाणी निघत असतानाचा. नंतर निदान २४ तास पंप सलग चालवून पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेळात परत येते ते नोंदवा. परत यायला उपशाच्या वेळेच्या दुप्पट वेळ लागत असेल तर पंप लहान बसवा. चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी विद्राव्य क्षारांचे माप घ्या. भारतीय मानकात पिण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. उपसताना आकडा चढत गेला तर खाडी ओढली जाते आहे. अशा बोअरमधून जास्त उपसा केला की तो एकदा खारावतो आणि मग वर्षानुवर्षे सुधारत नाही.

खोल बोअरला ठेवलेल्या पैशांत छतावरचे पाणी आधी धरा. ४०० चौरस मीटर गच्ची, वर्षाचा पाऊस २,५०० मिलिमीटर, वाया जाणारे वजा करून ८० टक्के: ८ लाख लिटर. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडायचे आणि उरलेले वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या बोअरमध्ये. गाळणी दर पावसाळ्याआधी धुतली नाही तर बारीक गाळ भेगांत बसतो आणि भरण थांबते. पार्किंगमधले पाणी त्यात सोडू नका, तेल उतरते. जिथे भूजल आधीच जमिनीला टेकलेले आहे, म्हणजे खाडीलगतच्या सखल सेक्टरांत, तिथे बोअरमध्ये पुनर्भरण करून उपयोग नाही. पाणी टाकीत साठवून बागेला आणि फ्लशला वापरावे.